नाबर सरांचं समुद्रस्नान

“पण त्या डब्यात ते रेणू ठेवले कोणी?” नाबर सरांनी विचारलं.

“मी ठेवले, सर.”

“असं…”

सर पुन्हा लॅपटॉपकडे बघत बसले. त्यावरच्या चित्रात एक चौकोनी, आरपार दिसणारा डबा होता. मधोमध पिवळ्या धाग्यांचा गुंता, तो पॉलिमरचा पडदा. दोन्ही बाजूंना पाणी. पाण्यात काही हिरवे ठिपके भटकत होते. माणसं सनस्क्रीन चोपडून समुद्रात उतरतात, त्या सनस्क्रीनमधल्या विषारी द्रव्याचे ते रेणू. थोडा वेळ ते इकडेतिकडे करत, मग एकेक करून पिवळ्या गुंत्यात शिरत. शिरलेला बाहेर येत नसे.

यतीन मोंडकरनं हे चित्र इतक्यांदा पाहिलं होतं की डोळे मिटले तरी त्याला ते दिसायचं. बापानं पोराची पहिली पावलं बघावीत, तसा तो त्याच्याकडे बघत असे.

“तू ठेवले नसतेस तर?”

“तर डबा रिकामा राहिला असता. समुद्रात हे द्रव्य फार विरळ असतं, सर. आणि खरा डबा डोळ्यांना दिसणारही नाही इतका लहान. त्यात एकही रेणू सापडायचा नाही. मग पडदा काय पकडतो ते बघणार कसं? म्हणून ठेवावे लागतात. सगळेच ठेवतात.”

“सगळेच ठेवतात,” सर म्हणाले आणि त्यांनी मान डोलावली.

सरांच्या मान डोलावण्याचा अर्थ लावण्यात विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या फुकट गेल्या होत्या. यतीननं सोयीचा अर्थ लावला आणि तो पुढं सरकून बसला.

संगणकात रेणू कसे नाचवायचे हे त्याला ज्यांनी शिकवलं, ते हे नाबर सर. निवृत्त झाल्यावर ते पुणं सोडून खडपवाडीला आले आणि जुन्या पोस्टाच्या खोलीत राहू लागले. गाव त्यांना मास्तर म्हणत असे. हे गाव त्यांना दाखवलं होतं यतीननंच, कारण तो इथलाच, बाबल मोंडकरचा मुलगा. त्याला वाटलं होतं, सर आठवडाभर राहतील आणि कंटाळून परत जातील. सर राहिले ते राहिलेच.

सरांच्या अंगावर तरुणपणापासून कोड होतं. म्हातारपणी पाठीवरचा एक डाग चिघळला आणि मग तो काही बरा झाला नाही. गोव्याच्या डॉक्टरांनी हात टेकले. आता इलाज म्हणून एक जाड, पांढरं सनस्क्रीन तेवढं होतं. ते लावल्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

“हा बघ,” सर म्हणाले. त्यांचं बोट एका हिरव्या ठिपक्यावर होतं. “हा निघाला बाहेर. गेला… अरे, हा तर इकडून परत आला!”

“हो. उजव्या भिंतीतून गेला की डाव्या भिंतीतून आत येतो. एवढासा डबा अथांग वाटावा म्हणून तशी सोय केलेली असते. तुम्हीच शिकवलंत की, सर.”

“मीच शिकवलं… म्हणजे ह्याला पळून जायला जागा नाही.”

“नाही.”

“आज ना उद्या पडद्यावर आपटणारच.”

यतीननं मान हलवली.

“आणि आपल्या बंदरात?”

“बंदरात भरती-ओहोटी असते, सर.”

हे त्याला ठाऊक नव्हतं असं मुळीच नाही. संशोधनाच्या लेखाच्या शेवटी ‘मर्यादा’ नावाचा एक परिच्छेद असतो, जो सगळे लिहितात आणि कोणी वाचत नाही. त्यात त्यानं हे सगळं शहाण्यासारखं लिहिलं होतं, आणि लिहून झाल्यावर आपलं कर्तव्य संपलं असं समजून तो निर्धास्त झोपला होता.

आता मात्र गोष्ट लेखाची राहिली नव्हती.

वाडीच्या खाली दोन कातळांच्या मधे एक लहानसं बंदर आहे. पाणी संथ आणि तळाशी पोवळी. पर्यटक तिथं डोळ्यांना काच लावून पोवळी बघायला येतात, आणि सगळी वाडी त्यांना होड्यांतून फिरवून जगते. गेली काही वर्षं पोवळी पांढरी पडत चालली आहेत. पाणी तापतंय हे आहेच. त्यात माणसांच्या अंगावरून उतरणारी ही मलमं. शेवटी सरकारी कचेरीतून निरोप आला, की पोवळी सावरेपर्यंत बंदर पर्यटकांना बंद.

मग यतीन पुण्याहून धावत आला. बंदर बंद कशाला, त्यानं सांगितलं, लोक पोहतात तो भाग आणि पोवळ्यांचा खडक ह्यांच्या मधे पडद्याच्या चौकटी टांगू. विष पडद्यात अडकेल. लोकही पोहतील, पोवळीही जगतील. कचेरीतल्या साहेबांनी मान्य केलं, पण खात्रीचं बोलणं ग्रामसभेपुढं हवं म्हणाले. ग्रामसभा उद्या होती. तोवर बंदर ओस पडलं होतं.

“तू फकस्त ‘होय’ म्हण, बाबू,” बाबलनं सकाळीच सांगितलं होतं. “बाकीचां आमी बघतंव. पण आधी मास्तरांका इचार. मास्तर खोटां बोलणत नाय.”

म्हणून तो आला होता. आणि खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच नव्हता आला. इतकी वर्षं सरांच्या हाताखाली काढून त्यांच्या तोंडून एकदाही त्याला ‘उत्तम’ ऐकायला मिळालं नव्हतं. जगानं पाठ थोपटली, सरांनी थोपटली नाही. ते शल्य त्याला सारखं बोचत असे.

“लॅपटॉप मीट,” सर म्हणाले.

सरांच्या प्रयोगशाळेतली ही जुनी रीत. निकाल दाराबाहेर जाण्याआधी लॅपटॉप मिटायचा, हात मोकळे ठेवून सरांसमोर उभं राहायचं आणि जे सापडलं ते एका वाक्यात सांगायचं. ‘परंतु’ चालत नसे, ‘बहुधा’ही चालत नसे. वाक्य जमलं नाही तर निकाल कच्चा. भलेभले हुशार विद्यार्थी त्या एका वाक्यापाशी त त प प करत.

यतीननं लॅपटॉप मिटला. तो उभा राहिला.

“सांग.”

“पडदा पकडतो.”

“काय पकडतो?”

“पडदा सनस्क्रीन पकडतो, सर. पोवळ्यांपर्यंत जाऊ देत नाही.”

सर उठले.

“उत्तम,” ते म्हणाले.

यतीनला आपल्या कानांवर विश्वास बसेना. काहीतरी म्हणायला हवं, पाया पडायला हवं, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात सरांनी कोनाड्यातली मलमाची नळी उचलली, सदरा काढला आणि त्याच्याकडे पाठ केली.

“माझा हात पाठीला पोचत नाही. जरा लाव.”

यतीननं नळी घेतली. सरांची पाठ त्यानं अशी उघडी कधी पाहिली नव्हती. गोरे-काळे डाग आणि मधे तो चिघळलेला भाग. कातडी दुधावरच्या सायीसारखी झाली होती. बोट टेकवायचीही त्याला भीती वाटली.

“कंजूषपणा करू नकोस,” सर म्हणाले. “जाड लाव.”

तो जपून लावत राहिला.

“कुठं निघालात, सर?”

“समुद्रात.”

यतीनचा हात थांबला.

“इथं आल्यापासून मी एकदाही पाण्यात उतरलो नाही. लोक म्हणतात, मास्तर पाण्याला भितात.” सर हसले. “वेंगुर्ल्याला लहानपणी मला काठीनं हाकलून पाण्याबाहेर काढावं लागायचं. इथं रोज खडकावर बसून बघतो. जेवणाच्या पंगतीत उपास असावा तसं वाटतं.”

“मग उतरायचंत की. संध्याकाळी मलम धुऊन, ऊन गेल्यावर…”

“हे घासल्याशिवाय निघत नाही. आणि घासलं तर त्याच्याबरोबर मीही निघतो. थरावर थर बसलेत.” ते जरा थांबले. “पुढच्या पावसाळ्याआधी संपेल, असं डॉक्टर म्हणाले. मी संपेन. मलम राहील.”

हे त्यांनी इतक्या साधेपणानं सांगितलं की यतीनला हसावं की रडावं कळेना.

“पण आता तुझा पडदा आहे,” सर म्हणाले. “चल.”

दोघं खाली उतरले.

बंदर भकास पडलं होतं. आभाळ भरून आलेलं, वारा पडलेला. वाळूवर होड्या पालथ्या घातलेल्या. एका होडीच्या बुडाशी बाबल डांबर लावत बसला होता. रिकामं बसवेना म्हणून काढलेलं ते काम, हे लांबूनही कळत होतं.

“मास्तर काय म्हणतत रे?” त्यानं हाक मारून विचारलं.

“मास्तर पोहायला चाललेत,” सरांनीच उत्तर दिलं.

बाबल ब्रश टाकून उभा राहिला. त्याचा चेहरा एकदम उजळला.

“होय? मग झालां! मास्तर सोता पाण्यात उतारले म्हंजे पडदो पास! उद्या सभेत मी उभो ऱ्हवान सांगतंय!”

यतीननं वडिलांना इतकं खुशीत कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. घरात हल्ली कोणी मोठ्यानं बोलत नसे. आई भाजी चिरतानासुद्धा आवाज न करता चिरायची. आपण एक वाक्य बोललो आणि बापाच्या चेहऱ्यावर रंग आला, ह्या विचारानं त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

लाटांनी किनाऱ्यावर टाकलेले पोवळ्यांचे पांढरे तुकडे पायाखाली करकरत होते. सर ते चुकवत चालले होते. यतीननं दोन तुकडे चिरडले आणि मग तोही खाली बघून चालू लागला.

पाण्याशी येऊन सर थांबले. कमरेला पंचा, बाकी अंग उघडं. कोडाचं पांढरं कुठलं आणि मलमाचं कुठलं हे आता ओळखू येत नव्हतं. समोर चौकटींची रांग तरंगत होती. महिन्याभरापूर्वी नमुन्यासाठी लावलेल्या ह्या चौकटी होत्या. लावल्या तेव्हा पडदे दुधासारखे शुभ्र होते, आता त्यांच्यावर हिरवट बुळबुळीत थर धरला होता. लॅपटॉपमधला पडदा मात्र पहिल्या दिवसाइतकाच स्वच्छ होता.

ओहोटी लागली होती. पोहण्याच्या बाजूचा फेस हळूहळू चौकटींकडे सरकला. थोडा तिथं अडला. बाकीचा रांगेच्या टोकाला वळसा घालून खडकाकडे निघून गेला.

यतीननं ते पाहिलं. सरांनी पाहिलं की नाही, ते त्याला कळलं नाही.

“जाऊ?” सरांनी विचारलं.

…

“यतीन, जाऊ का रे?”

त्यात परीक्षा घेतल्याचा सूर नव्हता. पोरानं आईला विचारावं, तसं त्यांनी विचारलं.

“जा ना, सर. एका माणसाच्या मलमानं काय होतंय!”

“ते मी विचारलं नाही. पडदा पकडेल?”

यतीनच्या जिभेवर ‘हो’ तयार होतं. तासाभरापूर्वी त्यानं ते छाती पुढं काढून सांगितलंच होतं. उद्या सगळ्या गावापुढं सांगायलाही त्याची जीभ अडखळली नसती. एवढ्या एका शब्दानं किती जणांचं भलं होत होतं! सरांना अंघोळ मिळत होती, बहुधा शेवटची. बाबांच्या होड्या सुलट्या होत होत्या. त्याला स्वतःला ते ‘उत्तम’ कायमचं मिळत होतं.

त्यानं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही तळवे मलमानं पांढरे झाले होते. सरांच्या पाठीवर आहे ते सगळं आपण ह्याच हातांनी लावलं. डब्यात रेणू ठेवायला आपल्याला बरं जमलं होतं…

“तुम्ही मला असं कोंडीत का धरताय, सर?” तो चिडून म्हणाला. “मॉडेल म्हणजे मॉडेल. गृहीतकं असतात. तुम्हाला काय हे माहीत नाही?”

“मी कुठं धरतोय? मी पाण्याशी उभा आहे. तू हो म्हण, मी जातो.”

एक लाट पुढं आली. ती पायांना लागणार तोच सर लगबगीनं मागं सरले. वाटेवर झोपलेल्या मुलाला पाय लागू नये म्हणून माणूस सरतो ना, तसे. तोल जाऊन पडणारच होते. यतीननं धरायला हात पुढं केला आणि पांढरा तळवा पाहून पुन्हा मागं घेतला.

आणि तिथं त्याचा धीर सुटला.

“नको, सर.”

“काय म्हणालास?”

“नका जाऊ.” त्याला रडू फुटलं. एवढा मोठा माणूस, नावापुढं डॉक्टर लावणारा, वाळूत उभा राहून लहान मुलासारखा रडला. “मला माहीत नाही पकडेल का. खरंच माहीत नाही. डब्यात पकडतो. इथं… माहीत नाही.”

सर समुद्राकडे बघत राहिले.

यतीनला वाटलं होतं, आता ते वळतील, हसतील. हा सगळा आपल्याला शिकवण्याचा घाट होता, असं काहीतरी निघेल. ते वळेनात. त्यानं बाजूनं त्यांचा चेहरा पाहिला. भुकेल्या माणसाच्या समोरचं वाढलेलं ताट काढून घ्यावं, तसा तो चेहरा झाला होता. सरांना खरंच उतरायचं होतं. शिष्याच्या शब्दावर भरवसा ठेवून म्हातारा खरोखर निघाला होता.

बऱ्याच वेळानं सरांनी पंचाचं टोक सावरलं, मागं फिरून एका खडकावर ते बसले आणि सदरा अंगात घालू लागले. बाही सापडेना. यतीनला मदत करता येईना, कारण त्याचे हात तसेच भरलेले होते आणि पाणी समोर असूनही ते धुवायला त्याचा जीव होत नव्हता. तो हात अंगापासून लांब धरून उभा राहिला.

“काय झालां?” बाबलनं लांबून ओरडून विचारलं. “मास्तर थांबले कित्याक?”

सर अजून बाही शोधत होते.

बाबलला काय ते कळलं. मग त्यानं वाळूत पडलेला ब्रश उचलला, त्याची वाळू झटकली, आणि होडीला डांबर न लावता तो डब्यात ठेवून दिला. घराकडे जाताना त्यानं मागं वळून पाहिलं नाही.

यतीन त्याच्याकडे बघत राहिला. आज घरी जेवायला बसायचं कसं, हे त्याला कळेना.

“उद्या मी ‘माहीत नाही’ म्हणालो की बंदर बंदच राहणार, सर,” तो म्हणाला. “वाडी मला उभं करणार नाही. बाबा बोलणार नाहीत माझ्याशी. आणि एवढं करून बंद ठेवलं तरी पोवळी सावरतील ह्याचा नेम नाही. आधीच निम्मी गेलीत. पाणी तापतच राहणार आहे.”

सरांनी त्याला खुणेनं जवळ बसवलं.

“‘हो’ म्हटलं तर पोवळी मरणार, सर, ‘नाही’ म्हटलं तरी मरणार. मग मी आता जे बोललो त्याचा उपयोग काय? सांगा ना. हे बंदर वाचणार कसं?”

सरांनी त्याचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. पंचाचं कोरडं टोक धरून ते त्याच्या तळव्यावरचं मलम पुसू लागले. एकेक बोट, बोटांच्या बेचक्या, नखं. सावकाश. उजवा झाला, मग डावा घेतला.

“सर…”

“आज एका माणसापासून तर वाचलं,” सर म्हणाले.